घार किती उंचीवर आहे?

पेडण्याच्या एका मुलानं विचारलंय: कमर्शियल पायलट लायसन्सच्या नॅव्हिगेशनच्या पेपरात दोनदा नापास झालो. एकदा ६६ टक्के, एकदा ६८. पास व्हायला ७० लागतात. "गणितं येतात सर, विषय येतो. पण प्रश्न असे फिरवून लिहिलेले असतात की नेमकं काय विचारलंय तेच कळत नाही. चौथीपर्यंत मराठीत शिकलो म्हणून असं होतंय का? की मुद्दाम अडकवतात?"

आधी ते चौथीचं बाजूला ठेव. गोव्यात आपल्यातले बहुतेक असेच शिकलेत. चौथीपर्यंत मराठी शाळा, आणि पाचवीत पहिल्याच दिवशी बाई इंग्रजीत बोलायला लागल्या की त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं. मीही त्याच रांगेतला. पुढं वीसेक वर्षं विमान उडवलं, त्यातली निम्मी शिकवण्यात गेली, आणि आता वास्कोत घराच्या वरच्या खोलीत पोरांकडून थिअरी करून घेतो. या खोलीत घरी इंग्रजीच बोलणारी मुलंही येतात. तू ज्या प्रश्नांवर पडलास, त्याच प्रश्नांवर तीही पडतात. तू अडखळून पडतोस आणि ती धावता धावता पडतात, एवढाच काय तो फरक. वाक्य ओळखीचं वाटलं की ती अर्धंच वाचतात.

मुद्दाम अडकवतात का, याचं उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. काही प्रश्न खरोखरच वाईट लिहिलेले असतात. त्यांच्याबद्दल पुढं बोलतो, आणि मनसोक्त बोलतो. पण पोरं ज्या प्रश्नांच्या नावानं शिमगा करत माझ्याकडे येतात, त्यातले बरेचसे प्रश्न, कागदावर मांडून बघितलं तर, नीट लिहिलेले निघतात. शब्द मोजूनमापून घातलेला असतो आणि आपण तो सैल वाचलेला असतो. सैल वाचायची सवय आपल्याला लागते ती मनातल्या मनात मराठी करून घेतल्यामुळे. रागावू नकोस, मराठी कमी पडते असं मी म्हणत नाही. घोटाळा कुठं होतो ते दाखवतो.

तू पेडण्याचा, म्हणजे मोपाचं पठार तुला माहीत आहे. विमानतळ यायच्या आधीचं, काजूचं आणि गुरं चरायचं पठार आठव. (आठवत नसेल तर वडलांना विचार. २०२३च्या जानेवारीत तिथून विमानं सुटायला लागली, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही.) त्या पठाराच्या कडेला उभा राहा. वर घार फिरतेय. मी विचारलं, घार किती उंचीवर आहे? तू म्हणशील, असेल शंभरेक मीटर. शंभर कुठून? तुझ्या पायाखालच्या कातळापासून, की खाली केरीच्या वाळूपासून?

कातळापासून घारीपर्यंत मोजलं ते हाइट. समुद्रसपाटीपासून घारीपर्यंत ते अल्टिट्यूड. समुद्रसपाटीपासून कातळापर्यंत ते एलेव्हेशन. मराठीत तिन्हीला आपण 'उंची' म्हणतो आणि आपलं काही अडत नाही, कारण बोलताना समोरच्याला संदर्भ ठाऊक असतो. चौथा शब्द सगळ्यांत लबाड: फ्लाइट लेव्हल. ती मोजतात १०१३.२५ हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीपासून. ही पातळी म्हणजे एक मानलेला समुद्र. खरा समुद्र केरीला जागच्या जागी असतो, हा मानलेला समुद्र रोज वरखाली होतो. पावसाळ्यात दाब उतरून क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीचा दाब, १००३ झालं की तो खऱ्या समुद्राच्या पावणेतीनशे फूट खाली जातो. तिथून मोजलेलीही आपल्या भाषेत 'उंची'च.

आता पेपरातला प्रश्न बघ. दाभोळीच्या धावपट्टीवर विमान उभं आहे, अल्टिमीटरवर, म्हणजे दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्रावर, क्यूएनएच लावलंय, तर काय दिसेल? दाभोळीची एलेव्हेशन, सुमारे १८० फूट. क्यूएफई, म्हणजे खुद्द विमानतळावरचा दाब, लावलं असेल तर शून्य. हे तुला झोपेतही येईल. पण तोच प्रश्न असा आला की "लँडिंगनंतर अल्टिमीटर शून्य दाखवतो, तर उतरताना तो काय दाखवत होता, अल्टिट्यूड की हाइट?" की दोन्ही पर्यायांचं मनात 'उंची' होतं आणि बोट पहिल्यावर जातं. तीच गत ट्रान्झिशन लेअरची, म्हणजे अल्टिट्यूड सोडून फ्लाइट लेव्हल धरायची त्या मधल्या थराची. त्या थरातून वर चढत असशील तर आपली जागा फ्लाइट लेव्हलमध्ये सांगायची, खाली उतरत असशील तर अल्टिट्यूडमध्ये. प्रश्नात चढण्या-उतरण्याचा एकच शब्द असतो, तोही वाक्याच्या मध्ये कुठंतरी दबलेला. तो निसटला की गेलं.

दिशेचंही तसंच. विमानाचं नाक जिकडे आहे ते हेडिंग. विमानाची सावली जमिनीवरून जिकडे सरकते तो ट्रॅक. वारा आडवा असेल तर नाक एकीकडे आणि सावली दुसरीकडे. मराठीत दोन्हीला 'दिशा'. वाऱ्याची तर वेगळीच गंमत: मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालात, लिहून आलेला वारा ट्रू नॉर्थपासून (नकाशावरच्या उत्तरेपासून) मोजलेला, आणि टॉवरनं रेडिओवर सांगितलेला मॅग्नेटिक नॉर्थपासून (होकायंत्राच्या उत्तरेपासून). वाचला तो ट्रू, ऐकला तो मॅग्नेटिक. आपल्याकडे दोन्हींत जेमतेम एखाद-दोन अंशांचा फरक, त्यामुळे गोव्यात बसून हा भेद कधी अंगाला लागत नाही. पेपरात मात्र व्हेरिएशन (या दोन उत्तरांमधला फरक) २० अंश पश्चिम असलेलं कुठलं तरी गाव देतात, आणि मग कळतं.

म्हणून प्रश्नाचं मराठी करू नकोस. इंग्रजीतही घोळवत बसू नकोस. तो कागदावर काढ. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना पहिले पंधरा दिवस मी उत्तर लिहूच देत नाही, नुसतं चित्र काढायचं. पोरं वैतागतात. एकानं तर विचारलं होतं, सर, ही पायलटची परीक्षा की ड्रॉइंगची इंटरमिजिएट?

चित्र का काढायचं ते एका गणितावरून सांगतो, कारण नॅव्हिगेशनमध्ये तुझे दोन-चार टक्के बहुधा इथंच गेलेत.

दाभोळीहून रत्नागिरी साधारण १०० नॉटिकल मैल. कागदावर उभी रेघ मार, खाली दाभोळी, वर रत्नागिरी. ४० मैल गेल्यावर, म्हणजे कुडाळच्या आसपास, खाली बघून तुझ्या लक्षात येतं की आपण रेघेच्या डावीकडे ४ मैल, चिपीच्या अंगाला सरकलोय. तिथं टिंब दे. आता वन-इन-सिक्स्टी: ६० मैलांत १ मैल बाजूला गेलं तर १ अंश चुकला. ४० मैलांत ४ मैल, म्हणजे ४ गुणिले ६० भागिले ४०, ६ अंश. हा झाला ट्रॅक एरर. पुढं राहिले ६० मैल. तेवढ्यात ४ मैल भरून काढायचे, म्हणजे ४ अंश. हा क्लोजिंग अँगल.

इथपर्यंत सगळ्यांना येतं. आता पर्याय बघ: ४, ६, १०, १२.

"मूळ ट्रॅकला समांतर जायचं तर हेडिंग किती बदलाल?" असं विचारलं असेल तर ६. "इथून थेट रत्नागिरीला पोचायचं तर?" असं असेल तर ६ आणि ४ मिळून १०, उजवीकडे. "जेवढं अंतर आलात तेवढ्याच अंतरात मूळ रेघेवर परत यायचं तर?" असं असेल तर ६ची दुप्पट, १२. आणि नुसता क्लोजिंग अँगल विचारला तर ४. चारही आकडे बरोबर आहेत रे बाबा. ती चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, एकाच प्रश्नाखाली उभी केलेली.

चांगला पेपर काढणारा पर्याय असेच रचतो. तो मनाला येतील ते आकडे टाकत नाही. शेजारच्या प्रश्नाचं उत्तर आणून ठेवतो. तू गणित केलंस, ६ आले, पर्यायात ६ दिसले, हायसं वाटलं, टिक केलंस. आपला आकडा पर्यायात सापडणं हा काही पुरावा नाही. दर वेळी सापडणारच आहे. घरी येऊन तू म्हणतोस, गणित बरोबर होतं, प्रश्नानं फसवलं. त्यात फसवाफसवी नाही. विमान खरंच कुडाळवर असतं आणि तू ६ अंशच वळला असतास, तर रत्नागिरी उजव्या हाताला ४ मैलांवरून निघून गेली असती.

चित्र काढलं असतंस तर टिंबापासून दोन रेघा निघाल्या असत्या, एक समांतर आणि एक रत्नागिरीकडे, आणि आपण कुठली मोजतोय ते डोळ्यांना दिसलं असतं.

मी हे सांगतोय ते स्वतः आपटून शिकलेलं आहे. १९९५ची गोष्ट. कोकण रेल्वे अजून सुरू व्हायची होती. परीक्षेला मुंबईला जायचं म्हणजे रात्रीची बस, आणि घाटात पोटातलं वर येऊ नये म्हणून खिशात लिंबू. पेपरात एक प्रश्न होता: डेन्सिटी अल्टिट्यूड वाढली तर टेक-ऑफला लागणारं अंतर वाढेल की कमी होईल? मी मनात भाषांतर केलं. डेन्सिटी म्हणजे घनता. घनता वाढली म्हणजे हवा दाट झाली. दाट हवेत पंख जास्त उचलतात. म्हणून अंतर कमी. टिक.

परतीच्या बसमध्ये, चिपळूणला चहाला थांबलो तेव्हा, डोक्यात उजेड पडला. वाढली होती ती अल्टिट्यूड. डेन्सिटी हे नुसतं तिचं विशेषण. विमानाला वाटतंय की आपण जास्त उंचावर आहोत, म्हणजे हवा विरळ झालीय, म्हणजे अंतर वाढणार. सगळं उलटं. एका गुणानं नापास झालो. पहाटे घरी पोचल्यावर बाबांनी दारातच विचारलं, "कितें जालें?" मी म्हटलं, प्रश्न चुकीचा होता. पुढं दोन वर्षं मी सगळ्यांना तेच सांगत होतो.

आता हाच मुद्दा मी दाभोळीवर नेऊन शिकवतो. मे महिन्यातली दुपार, पारा ३३वर, दाब १०१३. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश धरतात, दाभोळीच्या एलेव्हेशनला त्याहून किंचित कमी, म्हणजे आज अठरा-साडेअठरा अंश जास्त ऊन. अंशामागं साधारण १२० फूट धर, त्यात एलेव्हेशनचे १८० मिळव. धावपट्टीवर निमूट उभं असलेलं विमान २४०० फुटांवर उभं असल्यासारखं वागेल. त्यात आपली दमट हवा. दमट हवा जड असते असं कुणालाही वाटेल, मे महिन्यात शर्ट अंगाला चिकटला की वाटतंच. पण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी. रेणुभार वाफेचा १८ आणि कोरड्या हवेचा सुमारे २९. म्हणून दमट हवा विरळ, आणि डेन्सिटी अल्टिट्यूड आणखी वर. या एका प्रश्नावर माझ्या खोलीत दर वर्षी भांडण होतं. होऊ देतो.

मराठीनं कुठं तारलं तेही सांगायला हवं. लँड ब्रीझ आणि सी ब्रीझ, ऑनशोअर आणि ऑफशोअर यांत इंग्रजी शाळेतली पोरं हमखास घसरतात. तुझं-माझं चौथीच्या आत पाठ झालंय: दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून जातात ते मतलई वारे. समुद्राकडून येतो म्हणूनच तो खारा, नावातच दिशा आहे. ऑफशोअर म्हणजे आपला मतलई. दाभोळीची धावपट्टी ०८/२६, पूर्व-पश्चिम. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून, म्हणून तोंड करायचं २६कडे. वारा नेहमी येतो त्या दिशेनं ओळखायचा आणि ड्रिफ्ट मात्र ढकलला जातो त्या दिशेनं, हा घोटाळाही असाच सुटतो. घरात किंवा वाड्यावर कुणी तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, असेल तर पोर्ट (डावी बाजू) आणि स्टारबोर्ड (उजवी) त्याच्याकडून घोटून घे. तो एका रात्रीत शिकवेल. वारा पोर्टकडून तर ड्रिफ्ट स्टारबोर्डला.

व्हीअर (वारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळणं) आणि बॅक (उलट वळणं) हे शब्द पाठ असूनही चुकतात, कारण प्रश्न 'कुणाच्या तुलनेत' ते बदलतो. उत्तर गोलार्धात २००० फुटांवरून जमिनीकडे येताना वारा बॅक होतो आणि मंदावतो. जमिनीवरच्या वाऱ्याच्या तुलनेत २००० फुटांवरचा वारा व्हीअर झालेला असतो. दोन्ही वाक्यं एकच गोष्ट सांगतात. घाईत वाचणाऱ्याला ती परस्परविरोधी वाटतात. बाण काढ, दोन मिनिटं लागतात.

रेग्युलेशन्सचा पेपर तुझा झालाय असं दिसतंय, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. फक्त एवढं: तिथला प्रत्येक शब्द वकिलाचा आहे. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचा शिकागो करार १९४४चा, त्याची परिशिष्टं १९. त्यांत 'शॅल' आलं तर ते मानक, पाळायचंच, आणि एखाद्या देशाला पाळणं जमणार नसेल तर त्यानं तसं कळवायचं. 'शुड' आलं तर ती शिफारस. व्याख्याही अशाच. सीलिंग म्हणजे २०,००० फुटांखालच्या, अर्ध्याहून जास्त आभाळ झाकणाऱ्या सर्वांत खालच्या ढगांच्या थराच्या तळाची जमिनीपासूनची किंवा पाण्यापासूनची हाइट. अर्ध्याहून जास्त. ऑक्टा म्हणजे आभाळाचा आठवा भाग, तेव्हा ४ ऑक्टा म्हणजे बरोबर अर्धं, ते सीलिंग नाही. ५ ऑक्टा झाले की सीलिंग. यावर प्रश्न आला तर त्याला फिरवलेला म्हणायचं नाही. उद्या कमीतकमी हवामानाच्या अटीवर उतरायचं की परत फिरायचं हे ठरवताना तोच एक ऑक्टा महत्त्वाचा असतो.

आता वाईट प्रश्नांकडे.

असतात. एका सराव प्रश्नपेढीत, नाव घेत नाही, मला हा नमुना मिळाला. इंग्रजीतून जसाच्या तसा मराठीत आणला तर असा होतो: "खालीलपैकी कोणत्या परिस्थितीत पायलटनं उड्डाण न करणं टाळू नये?" मी तीनदा वाचला. मग चहा घेऊन आलेल्या बायकोला वाचून दाखवला आणि विचारलं, उडायचं की नाही? ती म्हणाली, एवढा विचार करावा लागतो त्या दिवशी घरी बसावं. न करणं टाळू नये, म्हणजे करू नये. तिचं उत्तर बरोबर होतं. पण यात हवामानाची परीक्षा कुठं झाली? नकार मोजण्याची झाली.

दुसरा नमुना जास्त घातक, कारण तो दिसायला साधा असतो. विमानतळाची एलेव्हेशन ५४० फूट, क्यूएनएच १०१०, क्यूएफई किती? पर्यायांत ९९० आणि ९९२ दोन्ही. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलला २७ फूट हे जास्त अचूक, त्यानं येतात २० हेक्टोपास्कल, उत्तर ९९०. हिशोबाच्या सोयीसाठी कित्येक पुस्तकं ३० फूट धरतात, त्यानं येतात १८, उत्तर ९९२. प्रश्नात किती धरायचे ते सांगितलंच नाही, तर काढणाऱ्याच्या टेबलावर कुठलं पुस्तक होतं हे ओळखायची ती परीक्षा झाली. दर दिलेला असेल तर निमूट तो घ्यायचा. दिलेला नसेल आणि एलेव्हेशन कमी असेल तर मी २७ घेतो. तरीही अशा प्रश्नावर चिडायचा हक्क तुला आहे.

तिसरे म्हणजे शिळे प्रश्न. १ जानेवारी २०२५पासून १९३४चा विमान अधिनियम जाऊन भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला. पोरांच्या फोनमध्ये फिरणाऱ्या पीडीएफना हे अजून कळलेलं नाही. त्या पीडीएफची उत्तरंही कुणीतरी आठवून, घाईत लिहिलेली. प्रश्नातला 'नॉट' आठवणाऱ्याच्या डोक्यातून गळाला की तोच प्रश्न उलटा होऊन पुढच्या बॅचला मिळतो. मग तू परीक्षेत खरा प्रश्न बघतोस, तो ओळखीचा वाटतो, आणि पीडीएफचं उत्तर देऊन येतोस. प्रश्नपेढी वापरू नकोस असं नाही म्हणत, ती सगळेच वापरतात. मात्र उत्तर पाठ करू नकोस. प्रत्येक प्रश्नाखालचे चुकीचे तीन पर्याय घे, आणि प्रत्येक पर्याय कुठल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर होईल ते लिहून काढ. वेळखाऊ काम आहे. पन्नास प्रश्नांचं असं केलंस तरी काढणाऱ्याचा हात तुला दिसायला लागेल.

वाईट प्रश्नांचं समर्थन करणारे आमच्याच धंद्यात भेटतात. म्हणतात, अवघड शब्दांनी पोरांना सवय होते, खऱ्या जगात सगळं सोपं करून कोण सांगणार? हे मला अजिबात पटत नाही. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ. धुक्यात एका धावपट्टीवर दोन जंबो जेट. एका विमानातून रेडिओवर गेलं की आम्ही आता टेक-ऑफवर आहोत. कंट्रोलरला वाटलं, टेक-ऑफच्या जागी थांबलेत. ते तर धावायला लागले होते. ५८३ माणसं गेली. कारणं बरीच होती, पण त्या एका वाक्यातून पुढं रेडिओची भाषाच बदलली. आता 'टेक-ऑफ' हा शब्द टेक-ऑफची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. ज्या धंद्यानं एका संदिग्ध वाक्याची एवढी किंमत मोजली, त्यानं आपल्याच परीक्षेत संदिग्ध वाक्यं लिहून त्याला प्रशिक्षण म्हणायचं?

आणि कॉकपिटमध्ये तुझ्याकडे दोन शब्द असतात जे परीक्षेच्या खोलीत नसतात: 'से अगेन'. कळलं नाही तर विचार. तिथं परत विचारणाऱ्याला कुणी हसत नाही, न विचारता वळणाऱ्याची चौकशी होते. इंग्रजीची जी अधिकृत पातळी पायलटला लागते, आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २००८पासूनची लेव्हल ४, तीही बोलण्या-ऐकण्याची आहे. वळणावळणाचं वाक्य एका दमात वाचून फोडायची नाही. तेव्हा इंग्रजी वाईट म्हणून मी वाईट पायलट होईन हे डोक्यातून काढ. माझा एक विद्यार्थी आज मोठी विमानं उडवतो. लेखी पेपरात तो तुझ्यापेक्षा जास्त वेळा आपटलाय.

पण परीक्षेच्या खोलीत 'से अगेन' नाही, आणि ते बदलणं तुझ्या हातात नाही. तिथं मी काय करायला सांगतो? पर्याय तळहातानं झाक, स्क्रीन असली तरी झाक, लोक बघतील तर बघू देत. प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाच, काय हवंय ते तिथं असतं. मग वरून वाचत ये आणि कच्च्या कागदावर काढत ये. 'नॉट', 'एक्सेप्ट', 'लीस्ट' दिसलं की कागदावर मोठी फुली मार, म्हणजे शेवटी ती डोळ्यांसमोर राहील. स्वतःचं उत्तर लिही, आणि मगच हात काढ. एका प्रश्नाशी दोन मिनिटं झटापट झाली की सोड, पुढं जा, परत ये. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरं एकही ठेवू नकोस. खरोखर वाईट प्रश्न दिसला, तर काढणाऱ्याला पुस्तकातलं कुठलं वाक्य हवं असेल एवढाच विचार कर आणि मोकळा हो. त्याच्यावरचा राग पुढच्या दहा प्रश्नांत घेऊन गेलास तर ते दहाही जातात. ६८चे ७० व्हायचे असतील तर हेच दहा सांभाळ.

पुढच्या परीक्षेचा फॉर्म लगेच भरू नकोस. दोन्ही पेपरांतले जे प्रश्न आठवतात त्यांची चित्रं काढ. उत्तर लिहायचं नाही, पर्यायही आठवायचे नाहीत, नुसती रेघ, टिंब, बाण, आणि प्रश्न कुठल्या रेघेबद्दल होता तिथं लाल खूण. पाच झाली की रविवारी सकाळी घेऊन ये. मोपाहून वास्कोची बस सापडली तर बरं, नाहीतर पणजीला बदल. कंपास आणि पट्टी तुझी आण. माझी पट्टी गेल्या बॅचनं पळवली.